दोन तास चुलीला सुट्टी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतली एक आजी गेली. वय ऐंशीच्या पुढचे. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केले, कापूस वेचला, चार लेकरे वाढवली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात विहारात तिचा फोटो ठेवायचा म्हणून घरच्यांनी सारे घर पालथे घातले. पेट्या उघडल्या, लग्नाचे अल्बम चाळले. नवरदेवाचे फोटो होते, मोटारसायकलीचे होते, नव्या फ्रीजचा सुद्धा होता. आजीचा एकही नव्हता. एका लग्नाच्या फोटोत पंगतीच्या मागे, चुलीच्या धुरात एक बाई पाठमोरी दिसत होती. तीच आजी असावी, असे सून म्हणाली. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून आणला. नखाएवढा फोटो हातभर केल्यावर काय उरणार? डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके राहिले. फूल वाहताना आजीचा नातू हळूच म्हणाला, "ही आपली आजी नाही वाटत."

त्या रात्री विहाराच्या ओट्यावर आम्ही सहा जणी बराच वेळ बसून होतो. आमच्यात एक आशाताई आहे, एक अंगणवाडीत मदतनीस आहे, दोघी लोकांकडे धुणीभांडी करतात, एक शिलाई करते, एक बांधकामावर जाते. प्रत्येकीने आपापल्या घरातले फोटो आठवून पाहिले. आईचा फोटो किती जणींकडे आहे? दोघींकडे. आपला स्वतःचा, काम करतानाचा? एकीकडेही नाही. आधार कार्डावर, मतदार कार्डावर, बँकेच्या पासबुकावर आहेत तेवढेच. "सरकारले आपला चेहरा लागते, घरच्यायले लागत नाही," असे आशाताई बोलून गेली, आणि कोणी हसले नाही.

माता रमाईंचेच बघा ना. २७ मे १९३५ रोजी त्या आपल्याला सोडून गेल्या. त्यांचे फोटो बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. गोवऱ्या थापणारी, पोटाला चिमटा घेऊन संसार ओढणारी रमाई आपण गाण्यांतून ऐकली. फोटोत ती आपल्याला दिसली नाही.

तेव्हाच ठरले. आणखी कोणी आजी जाण्याआधी आपणच फोटो काढायचे. एका रविवारी सकाळी घरचे काम ठेवून बाहेर पडायचे, पायी फिरायचे, आणि फोटो काढायचे ते ब्लॅक अँड व्हाइट.

सुट्टी कोणाला असते?

ठरवणे सोपे, निघणे कठीण! पहिला प्रश्न आला तो वेळेचा.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेची पाहणी केली. दिवसभरात घरकामाला हात लावणाऱ्या स्त्रिया शंभरात ८१ निघाल्या, पुरुष २६. घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषाचा जात होता ९७ मिनिटे. हे झाले फक्त घरातले, बिनपगारी काम. त्याआधी किंवा नंतर जी मजुरीला जाते, तिचे तास वेगळे मोजा.

बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हा कारखान्यातल्या कामगाराच्या घामाचे तास त्यांनी मोजले. १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगाराला विश्रांती हवी, ती मालकाची मेहेरबानी नव्हे, हक्क आहे, हे कायद्याने मान्य केले. आपल्या जिल्ह्यातल्या पुलगाव आणि हिंगणघाटच्या कापड गिरण्यांत राबलेल्या कितीतरी कुटुंबांना आठ तासांच्या पाळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण गिरणीतून बाप घरी आला की त्याची पाळी संपत असे. आईची पाळी कधी संपली, हे कोणाच्या लक्षात आहे का? गिरणीचा भोंगा वाजत होता. चुलीला भोंगा नाही.

पहिल्यांदा आम्हीही चूकच केली. शनिवारी रात्री पाणी भरून ठेवले, पीठ मळून ठेवले, भाजी चिरून ठेवली, दुसऱ्या दिवशीचे धुणेही उरकले. साडेअकराला अंग टाकले तेव्हा शिलाईवाली म्हणाली ते खरे होते, "रात्री दीडपट राबून सकाळी दोन तास सुटायचे, याले सुट्टी म्हनत नाहीत." तो रविवार पावसाने गेला, तेही बरेच झाले. पुढच्या वेळी आम्ही काहीच आधी उरकले नाही. घरात सरळ सांगितले, सकाळचा चहा आणि पोहे ज्याचे त्याने बघावे, आम्ही नऊ वाजता परत येऊ.

एका घरात रुसवा झाला. एका घरात "आता बाया फोटो काढत हिंडणार" असे बोलणे ऐकावे लागले. पण ज्या सासूबाईंची आम्हाला सगळ्यात भीती होती, त्याच म्हणाल्या, "जाय वं माय, मी पाहतो घर. आमच्या टायमाले कोनं आम्हाले जा म्हनलं नाही." त्या एका वाक्याने आमच्या पायात बळ आले.

रंग नको कशाला?

मोबाइलमध्ये एवढे रंग असताना ब्लॅक अँड व्हाइट कशाला, असे आमच्या मुलांनी विचारले. आम्ही त्यांना विहारात लावलेले १४ ऑक्टोबर १९५६ चे दीक्षाभूमीवरचे फोटो दाखवले. पांढरी वस्त्रे नेसून आलेली माणसे, आणि उन्हात उजळलेले चेहरे. रंग नाहीत म्हणून त्यात काही कमी वाटते का?

दुसरे कारण घराघरात पडलेले आहे. ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो काढून बघा. बरेचसे लालसर, पिवळट पडलेले असतात. त्याच पेटीतला आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो मात्र अजून स्वच्छ असतो. असे का होते? जुन्या काळ्यापांढऱ्या फोटोतली काळी छटा ही चांदीच्या बारीक कणांची असते. नीट धुतलेला असा फोटो शंभर वर्षेही टिकतो. रंगीत फोटोत चांदी उरत नाही, रंगद्रव्ये असतात, आणि ती उजेडाने व दमटपणाने उडत जातात.

तिसरे कारण आम्हाला फिरताना कळले. रंगीत फोटोत डोळा आधी प्लास्टिकच्या निळ्या बादलीकडे, भडक साडीकडे धावतो. रंग काढून घेतले की हात दिसतात, कपाळावरच्या रेघा दिसतात, कुठून उजेड आला ते दिसते. आणि आपला वर्धा जिल्हा तर जन्माचाच काळापांढरा! काळी माती, काळा दगड आणि पांढरा कापूस. हिंगणघाटचा कापूस एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारातही नावाने ओळखला जात होता. तो वेचणाऱ्या बायांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

सेवाग्रामच्या वाटेवर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाला महिना उलटला होता. पहाटे सहाला विहारासमोर जमलो आणि ऑटोने सेवाग्राम गाठले. वर्ध्यापासून आठ किलोमीटर.

"सेवाग्रामलेच कायले?" असे आमच्यातल्या सगळ्यात लहान बहिणीने विचारले. प्रश्न रास्त आहे. पुणे कराराचा इतिहास आपल्या घरात लहान मूलही जाणते. पण सेवाग्राम म्हणजे फक्त आश्रम नव्हे. ते पूर्वीचे शेगाव. बुलढाण्याच्या शेगावशी घोटाळा होऊन टपाल चुकू लागले म्हणून १९४० साली त्याचे नाव बदलले. गावात आपली माणसे तेव्हाही होती, आजही आहेत. आणि १९३६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गांधीजी तिथे राहायला आले त्याच सुमारास, स्वतः बाबासाहेबही त्यांना भेटायला तिथे गेले होते. मतभेद आपल्या जागी ठेवूनही माणूस त्या रस्त्याने चालू शकतो.

शिवाय या गावाशी फोटोची एक गोष्ट जोडलेली आहे, ती आम्हाला सांगायची होती. कनू गांधी नावाचा एक तरुण आश्रमात पत्रव्यवहाराचे आणि हिशेबाचे काम करीत असे. नात्याने तो गांधीजींचा चुलत नातू. विनोबांचे धाकटे भाऊ शिवाजीराव भावे यांनी त्याला सुचवले की आश्रमातल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढ. कॅमेऱ्याला पैसे द्यायला गांधीजी तयार नव्हते. पुढे उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी तीन अटी घातल्या. फ्लॅश वापरायचा नाही. फोटोसाठी कोणाला 'असे बसा, तसे बघा' म्हणायचे नाही. आणि खर्च आश्रमाकडे मागायचा नाही. त्या अटी पाळून कनूने सुमारे दहा वर्षे, १९४८ पर्यंत, फोटो काढले. आश्रमातल्या कित्येक क्षणांचे तेच एक साक्षीदार आहेत.

कनूचा कॅमेरा मुख्यतः गांधीजींच्या भोवती फिरला, हे उघड आहे. त्याच काळात त्याच गावात जी बाई पहाटे उठून दळत होती, भिंती सारवत होती, तिच्या घराकडे कॅमेरा घेऊन कोण जाणार होते? पण अटी मात्र आम्हाला आवडल्या. फ्लॅश नाही, नाटक नाही, आपला खर्च आपला. गरिबाच्या फोटोग्राफीला याहून चांगले नियम कोणते?

साडेसहा-पावणेसातचे ऊन तिरपे असते. आश्रमातल्या मातीच्या भिंतींवर त्या उन्हात बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. भिंत सारवणाऱ्या हाताची पाचही बोटे! आमच्यातली बांधकामावरची बाई तिथेच थांबली. "आपुन रोज भिंत पाहतो, पन अशी पाह्यली नव्हती," म्हणाली. मग ती दहा मिनिटे एका भिंतीचेच फोटो काढत राहिली. तिला कोणी हाक मारली नाही, कोणी घाई केली नाही. दहा मिनिटे एका भिंतीकडे बघत उभे राहणे, हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होते.

पुढे गावातून निघून धुऱ्याधुऱ्याने वावराकडे गेलो. पऱ्हाटी फुटली होती. रविवार असूनही वेचणी चालूच होती. वेचणीची मजुरी किलोवर, तेव्हा सुट्टी घेणार कोण? एक साठीच्या पुढची बाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होती. आम्ही जय भीम घातला. तिनेही हसून जय भीम केला. फोटोचे विचारताच मात्र तिने पदर तोंडावर ओढला.

"मले कायले वं? कापडं पाहा कसे हायेत. फोटो काढाचा तं सरपंचाचा काढा."

आम्ही जोर केला नाही. तिच्या ओळीत उतरून तिच्यासोबत वेचू लागलो. दोघी-तिघींनी लहानपणी हेच केलेले. अर्ध्या तासात ती आपणहून बोलू लागली. तिचे माहेर आर्वीकडचे. नवरा लवकर गेला. तिघी मुली शिकवल्या, एक नर्स झाली. मग म्हणाली, "काढा आता. पन हाताचा काढा. पोरी म्हनतात, माये, तुह्या हाताले काटे फुटले हायेत." बोंडाच्या टोकांनी चिरलेली, काळी, खरबरीत बोटे आणि त्यांत पांढरा कापूस. तो फोटो आज विहाराच्या भिंतीवर आहे.

आमची फजिती

आता आमची चूकही सांगतो. आमच्यातल्या एकीच्या वडिलांचा जुना रिळाचा कॅमेरा होता. हौसेने ब्लॅक अँड व्हाइट रोल मागवला. आजकाल एका रोलला काही शे रुपये पडतात, वर्गणी काढली. वावरात सगळ्यात चांगले फोटो त्याच कॅमेऱ्याने काढले. ३६ फोटो झाले, ३८ झाले, ४० झाले, तरी रोल संपेना! घरी येऊन बघतो तर फिल्मचे टोक आतल्या चक्रीला अडकलेच नव्हते. एकही फोटो उमटला नव्हता. ज्यांच्याकडे असा कॅमेरा आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे. रोल घालून पुढे सरकवताना डावीकडची गुंडाळायची खुंटी आपोआप फिरते का, ते बघावे. फिरत नसेल तर फिल्मही सरकत नाही. मोबाइलवर काढलेले फोटो होते म्हणून त्या दिवसाची लाज राहिली.

झाडू हाती धरलेली बाई

अशा फोटोंनी काय होते, असे कोणी विचारील. १९४२ सालची गोष्ट आहे. गॉर्डन पार्क्स हा अमेरिकेतला काळा तरुण. आधी रेल्वेच्या डब्यात वेटर म्हणून राबलेला, जुना कॅमेरा विकत घेऊन स्वतःच फोटोग्राफी शिकलेला. वॉशिंग्टनच्या एका सरकारी कचेरीत एला वॉटसन नावाची काळी स्त्री फरशा पुसत असे. पार्क्सने तिला अमेरिकेच्या झेंड्यासमोर उभे केले. एका हातात झाडू, बाजूला फरशी पुसायची काठी, आणि नजर थेट आपल्याकडे. मग तो तिच्या घरी गेला, तिच्या नातवंडांचे, तिच्या रोजच्या जगण्याचे फोटो त्याने काढले. ज्या देशात तिला मागच्या दाराने वागवले जात होते, त्या देशाला तो फोटो आजही उत्तर विचारतो.

आपल्या विदर्भातल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे असेच कृष्णधवल फोटो काढले. गटारात उतरलेली, कचऱ्याच्या गाडीवर उभी असलेली माणसे त्यांनी शहराच्या डोळ्यांसमोर आणली. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पार्क्स आणि ओलवे या दोघांनीही ज्याच्याकडे कोणी बघत नाही त्याच्याकडे नीट बघितले. तेवढे काम आपल्याही हातून होऊ शकते.

भगिनींनो, तुम्हालाही जमेल

यासाठी महागडा कॅमेरा लागत नाही. घरातल्या मोबाइलमध्ये ब्लॅक अँड व्हाइटची सोय बहुधा असतेच; 'मोनो' असे लिहिलेले असते.

सूर्य उगवल्यापासून पहिले दोन तास किंवा मावळण्याआधीचे दोन तास निवडा. दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळी सावली पडते. घरातला फोटो काढायचा तर माणसाला दाराजवळ बसवा, उजेड बाजूने येऊ द्या.

आपल्या सावळ्या माणसांचे फोटो काळेकुट्ट येतात, ही तक्रार नेहमीची. त्यात रंगाचा दोष नाही. मागे पांढरी भिंत किंवा कापसाचा ढीग असला की कॅमेरा फसतो. एवढा उजेड आहे असे समजून सगळाच फोटो काळा करतो. म्हणून मागे मातीची भिंत, झाड किंवा उघडे दार ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, म्हणजे तो चेहऱ्याचा उजेड धरतो. पावडर फासायची काहीच गरज नाही.

विचारल्याशिवाय कोणाचा फोटो काढू नका. नाही म्हटले तर नाहीच. आणि दुसऱ्या बाईचा फोटो तिला न विचारता व्हॉट्सअॅपवर फिरवू नका.

शेवटचे आणि महत्त्वाचे. चांगले आलेले चार-पाच फोटो कागदावर छापून घ्या, कारण मोबाइल हरवतो, बिघडतो. दुकानात छापलेला असा फोटो चांदीचा नसतो, तेव्हा तो उन्हापासून आणि ओलीपासून जपून, कागदाच्या पाकिटात ठेवा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव, तारीख आणि काम लिहा. १९४२ च्या जुलै महिन्यात नागपूरला आपल्या स्त्रियांची मोठी परिषद झाली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेबांनी भाषण केले. त्या वेळच्या फोटोत बाबासाहेबांच्या भोवती आपल्या किती आयाबहिणी उभ्या आहेत! त्यांतल्या किती जणींची नावे आज आपल्याला सांगता येतील? पेन्सिलीची एक ओळ राहिली की माणूस दुसऱ्यांदा जातो.

सहा जणींचा एकच फोटो

आम्ही नऊऐवजी साडेदहाला घरी पोचलो. चहाचे भांडे जळले होते, पोहे खारट झाले होते, पण कोणी उपाशी राहिले नव्हते. घर जागच्या जागी होते.

संध्याकाळी सगळ्या जणी फोटो बघायला बसलो. शंभराच्या वर होते. भिंती, हात, कापूस, विहिरीचा काठ, शाळेच्या पायरीवर बसलेली पोर. बघता बघता अंगणवाडीवाली म्हणाली, "पुन्हा आपुन कोनीच नाही!" खरेच होते. जी फोटो काढते ती फोटोत येत नाही, जशी जी वाढते ती पंगतीत बसत नाही.

पण एक फोटो निघाला. निघताना त्या वेचणीवाल्या मावशीच्या हातात आम्ही मोबाइल दिला होता. तिने आयुष्यात पहिल्यांदाच बटण दाबले. फोटो तिरपा आला आहे, दोघींचे पाय कापले गेले आहेत, कोपऱ्यात तिचे बोट आले आहे. पण त्यात आम्ही सहाही जणी आहोत, हातात पाटी नाही, डोक्यावर गुंड नाही, आणि सगळ्या हसत आहोत.

त्याच्या मागे आम्ही सहा नावे लिहिली. फोटो काढणारीचे नाव म्हणून तिचेही लिहिले आणि एक प्रत तिला पोचती केली. आता महिन्यातून एक रविवार ठरला आहे. पुढचा पवनारचा, धाम नदीच्या काळ्या खडकांवर धुणे धुणाऱ्या बायांकडे जायचे आहे. त्या सकाळचे पोहे कोण करणार, यावर आमच्या घरांत आतापासूनच चर्चा सुरू झाली आहे. तुमच्याही घरी ती सुरू होऊ द्या.